बैलाच्या खांद्याला बसेल असे औत

कापसाची ओळ मधोमध घेऊन चालणारे एक यंत्र अमेरिकेत निघाले होते. ओळीच्या दोन बाजूंना दोन चाके, पुढे घोडा नाहीतर खेचर, आणि मधे फिरती पाती. चाके फिरली की दातेरी चक्रांतून पाती फिरायची, दाट उगवलेल्या ओळीतला ठरावीक लांबीचा तुकडा छाटायची आणि मधे दोन-तीन रोपांचा झुपका सोडून पुढे जायची. बाजूचे फाळ त्याच फेरीत तण उपटून रोपांच्या बुडाशी माती ओढायचे. पाती बदलली की रोपांमधले अंतर बदले, दांडे आत-बाहेर सरकवले की ओळींची रुंदी साधे. विरळणी आणि कोळपणी अशी दोन्ही कामे एका माणसाने आणि एका जनावराने एका फेरीत उरकायची, असा हिशेब. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा यंत्रांची पेटंटे तिकडे ढिगाने घेतली गेली.

कोल्हापूरच्या, किंवा एकूणच दख्खनच्या शेतात हे यंत्र रुजले नाही. इथला शेतकरी जुन्याला चिकटून बसणारा, म्हणून ते आले नाही, असे सांगून मोकळे होण्याची आपल्याकडे सवय आहे. मला ते पटत नाही. याच शेतकऱ्याने त्याच काळात लोखंडी नांगर घेतला, उसाचा लोखंडी चरक घेतला, पुढे इंजिन आणि पंप घेतला. त्याने काय घेतले आणि काय नाकारले, हे पाहायचे तर एका कारखान्याची वाटचाल पाहावी लागते. तो बेळगावात सुरू झाला, औंध संस्थानात वाढला आणि लोखंडाच्या दुष्काळात त्याला करवीर (कोल्हापूर) संस्थानाने हात दिला. किर्लोस्कर हे नाव आज पंपांमुळे माहीत आहे. पण या कारखान्याने नाव कमावले ते औतांवर.

तिथवर जाण्याआधी थोडे मागे गेले पाहिजे. १८४० साली ईस्ट इंडिया कंपनीने कॅप्टन बेल्स याला अमेरिकेत पाठवून तिथले दहा कापूस-बागायतदार हिंदुस्थानात आणवले. लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता आणि त्यासाठी अमेरिकेवर अवलंबून राहणे नको होते. हे लोक येताना बी, सरकी काढायची यंत्रे आणि शेतीची अवजारे घेऊन आले. त्यांच्यातला मर्सर पुढे हुबळीच्या बाजूला सरकारी प्रायोगिक शेतीवर होता, म्हणजे कोल्हापूरपासून फार लांब नाही. अमेरिकन बियाणे त्या भागात रुजले. 'धारवाड-अमेरिकन' या नावाचा कापूस पुढे कित्येक दशके बाजारात होता. अमेरिकन मशागत मात्र रुजली नाही. ही सरकारी शेते म्हणजे वायफळ खर्च आहे, इथल्या हवेला आणि जमिनीला अमेरिकेतली पद्धत सोसत नाही, आणि रयत तोच कापूस कमी खर्चात पिकवते, असे खुद्द मर्सरनेच काही वर्षांत सरकारला कळवले. परदेशी तज्ज्ञाने स्वतःचीच नोकरी निरुपयोगी ठरवल्याचा असा दाखला विरळाच.

मर्सरला जे दिसले ते आजही दाखवता येते. पहिली गोष्ट जनावराची. दख्खनमध्ये घोडा स्वारीला, टांग्याला, लष्कराला. शेतात बैल. घोड्याच्या गळ्यात पट्टा घालून तो छातीने ओढतो, एकटा चालतो आणि ओळीत सहज वळतो. बैलांची जोडी खांद्यावर जू घेऊन ओढते, दोन बैलांत अंतर राहते, आणि चाल संथ. एका घोड्यामागे सरळ चालणारे यंत्र जोडीमागे लावले की त्याची ओढ चुकते. ते एका बाजूला कलते आणि ज्या रोपांना वाचवायचे तीच छाटते. घोडा शेतीसाठी पाळायचा म्हटले तर त्याचा दाणा-चारा परवडायचा कुणाला? बैल कडब्यावर जगतो, मोट ओढतो, गाडी ओढतो आणि खळ्यावर मळणीत फिरतो.

दुसरी गोष्ट ओळीची. आपल्याकडे पेरणी पाभरीने किंवा कुरीने होई. पाभरीच्या फणांतले अंतर हेच पुढच्या सगळ्या औतांचे माप ठरे. सुताराने पाभर बनवली तेव्हाच कोळप्याची रुंदीही ठरली. एक लाकडी दिंड, दोन जानोळी, एक लोखंडी पास, वर रुमणे. पिकाची ओळ मधून जावी म्हणून मधे फट ठेवलेले, दोन पासांचे कोळपेही असे. एका लांब जूला दोन-तीन कोळपी जोडायची, प्रत्येकामागे एक माणूस चालायचा आणि बैलांची एकच जोडी दोन-तीन ओळी एकदम साफ करत जायची. अमेरिकन यंत्र एका फेरीत एक ओळ करी. मजूर महाग आणि जमीन अफाट असलेल्या देशात तो फायदा होता. इथे मजूर घरचे होते आणि जोडी एकच होती.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत निर्णायक. सुतार आणि लोहार बलुतेदार होते. वर्षाला ठरलेले धान्य घ्यायचे आणि त्याच्या बदल्यात औते करून द्यायची, मोडली तर जोडून द्यायची. पास झिजली की लोहाराच्या भात्याशी बसून ती शेवटून घ्यायची; रोख पैसा लागत नव्हता. बाहेरून आलेल्या यंत्राला नट-बोल्ट, दातेरी चक्र आणि ओतीव बिडाचे भाग असत. बीड ऐरणीवर ठोकता येत नाही, तडकते. म्हणजे लोहाराचा उपयोग संपला आणि सुटा भाग मागवायला रोख पैसा, तोही ऐन हंगामात. फिलाडेल्फियाच्या एस. एल. ॲलन कंपनीचे 'प्लॅनेट ज्युनिअर' नावाचे घोड्याचे कोळपे जगभर गाजले. एक दांडा ओढला की त्याचे फाळ आत-बाहेर सरकत, स्पॅनरही लागत नसे. इतके सोयीचे यंत्रसुद्धा इथल्या बलुत्याच्या हिशेबात बसेना.

आता किर्लोस्कर.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येईनात. मग यांत्रिक रेखाचित्रांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीच्या वेळी आपल्याला डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला वर घेतले, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले. बेळगावात थोरले बंधू रामचंद्रपंत, घरचे रामूअण्णा, यांच्याबरोबर १८८८ पासूनच सायकलींचे दुकान चालू होते. किर्लोस्कर आपला आरंभ याच सालापासून मोजतात.

सायकली विकणाऱ्या दुकानातून पहिले यंत्र निघाले ते कडबा कापण्याचे. साधे, हाताने चालणारे. पण ते करताना लक्ष्मणरावांना एक गोष्ट उमगली असावी: गुरे पाळणारा माणूस हेच आपले गिऱ्हाईक. त्याला परवडेल आणि त्याच्या जनावरांना मानवेल असे काही केले तर तो घेईल. १९०३ साली लोखंडी नांगर निघाला.

याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८०३ मध्ये, इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्सम याने आपोआप धार राहणाऱ्या फाळाचे पेटंट घेतले होते. युक्ती अशी की वितळलेले बीड ओतताना साच्याचा एक भाग वाळूचा ठेवायचा आणि दुसरा लोखंडाचा. लोखंडाला टेकणारी बाजू झटकन थंड होऊन काचेसारखी कठीण बनते, वाळूकडची बाजू मऊ राहते. जमिनीत चालताना मऊ बाजू आधी झिजते आणि कठीण बाजूची कड पुढे राहते. धार लावावी लागत नाही. रॅन्समचे नांगर हिंदुस्थानात येत होतेच. ते महाग होते आणि त्यांचे सुटे भाग सातासमुद्रापलीकडे. देशी कारखान्याला जागा होती ती इथे: माल तोच, पण फाळ तुटला तर पुढच्या बाजाराला नवा मिळेल.

खप मात्र लागेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी समजूत होती. पहिला माल जायला दोन वर्षे लागली. ही गोष्ट सांगताना सगळेच शेतकऱ्याच्या अंधश्रद्धेवर हसतात. पण त्या समजुतीच्या पोटात शहाणपण नव्हते असे म्हणवत नाही. काळ्या जमिनीत दरवर्षी खोल नांगरट करायची नसते, वखराने किंवा कुळवाने वरची माती भुसभुशीत केली की पुरते, हे कापूसवाल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. खालची माती उलटून वर आणली की एखाद-दुसरे वर्ष पीक कमी येते, हेही त्याने पाहिलेले असते. लोखंडी नांगर खपू लागला तो या शेतकऱ्याला त्याची नेमकी जागा कळल्यावर. हरळी आणि कुंदा ही मुळे खोल धरणारी तणे. लाकडी नांगर त्यांना वरून ओरबाडत जाई, मुळे खालीच. लोखंडी नांगराने जमीन उलटली की मुळे उन्हात पडत आणि उन्हाळाभर वाळत. हरळीने गिळलेले शेत परत मिळते हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर विषाची गोष्ट मागे पडली. दुसरे गिऱ्हाईक होते ऊसवाले. उसाला खोल नांगरट लागतेच.

यातले एक ध्यानात घेण्याजोगे आहे. कारखान्याने शेतकऱ्याला घोडा घ्यायला सांगितले नाही. नांगर बैलांच्या जोड्यांना बसेल असा केला, जू तेच ठेवले, साखळीने जोड्या वाढवता येतील अशी सोय ठेवली. मूळ विलायती वस्तू पुढच्या टोकाला बदलली. अमेरिकन कापूस-यंत्राला ही संधी कुणी दिली नाही, कारण त्या यंत्राची सगळी रचनाच एका जनावराभोवती बांधलेली होती.

बेळगावची जागा नगरपालिकेला वस्ती वाढवायला हवी होती. कारखाना उठवण्याची पाळी आली. औंधच्या गादीवर नुकतेच आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांचे स्नेही. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान, सापांचे माहेर. १० मार्च १९१० रोजी तिथे मुक्काम पडला. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर ही पहिल्या फळीतली माणसे. रामूअण्णांनी वसाहत आखली. शिक्षा भोगून आलेल्या लोकांना राखणीला ठेवण्याचा धीटपणाही इथे झाला, आणि तो फसला नाही. स्टेशनाचे नाव पुढे किर्लोस्करवाडी झाले.

वाडीचा नांगर आणि कोल्हापूरची माती यांत अंतर फार नव्हते. मिरजेवरून गाडी होती. कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्येच आली. शाहू महाराजांनी त्याच सुमारास शाहूपुरीची पेठ वसवून गुळाच्या बाजाराला जागा दिली. किंग एडवर्ड ॲग्रिकल्चरल इन्स्टिट्यूट काढून तिथे सुधारलेली अवजारे लोकांना बघायला ठेवली. महाराजांना शेतीची हौस कागदावरची नव्हती. चहा-कॉफीच्या लागवडीपासून राधानगरीच्या धरणापर्यंत त्यांनी जे मनावर घेतले त्याचा माग काढला की एकच ओढ दिसते: करवीरच्या रयतेच्या हातात रोख पैसा यावा.

१९१४ साली महायुद्ध लागले. बोटीने येणारे कच्चे लोखंड बंद झाले. कोळसा मिळेना, रंग मिळेना. मागणी होती पण ओतायला बीड नव्हते. त्या वेळी लक्ष्मणराव शाहू महाराजांकडे गेले. संस्थानात जुन्या तोफा पडून होत्या, त्या महाराजांनी दिल्या. तोफा वितळल्या आणि नांगर झाले. ही कथा कोल्हापुरात इतक्या वेळा सांगितली जाते की तिच्यावर शोभेचा मुलामा चढला आहे. मला तिच्यातला व्यवहार जास्त मोलाचा वाटतो. एका संस्थानिकाने दुसऱ्या संस्थानाच्या हद्दीतल्या कारखान्याला माल पुरवला. आपल्या राज्यातच कारखाना निघावा, अशी अट घातली नाही. शेतकऱ्याला नांगर वेळेवर मिळाला म्हणजे झाले.

युद्ध संपल्यावर १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. आज आपण तिला मराठी वाचनसंस्कृतीचा टप्पा म्हणून ओळखतो, 'स्त्री' आणि 'मनोहर' ही तिची पुढची भावंडे. पण आरंभी ते कारखान्याचे पत्रक होते, गिऱ्हाइकाला औतांची खबर देणारे. नांगर विकायला निघालेल्या माणसांनी मासिक काढले आणि मासिकच जास्त लांब पोचले, अशी उदाहरणे जगात किती असतील?

नांगराबरोबर उसाचा चरक, शेंगा फोडायचे यंत्र अशी औते वाडीला होऊ लागली. १९२२ मध्ये सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना निघाला आणि नांगराच्या बाजारात चुरस लागली. वाडीचा का सातारा रोडचा, यावर बाजारात वाद घालणारे शेतकरी होते. चांगल्या मालाची निशाणी हीच. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून १९२६ मध्ये परतले. त्याच वर्षी वाडीला सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला.

पंप का, आणि कापसाचे कोळपे का नाही? नांगराने जे नाव कमावले ते कोळप्याला कारखान्यात कधी मिळाले नाही. कारण सरळ आहे. कोळपे गावचा सुतार-लोहार उत्तम करत होता, स्वस्तात करत होता, आणि आपल्या गावच्या पाभरीच्या मापाने करत होता. कारखान्याने करायचे तर प्रत्येक तालुक्याची रुंदी वेगळी. सरकते कोळपे करावे तर बोल्ट आणि किंमत. जिथे गावाचा कारागीर हरतो तिथेच कारखान्याला वाव असतो. बीड ओतणे, चरकाचे लाट कातणे, पंपाचा पंखा तोलणे ही कामे भात्यावर होत नाहीत. वाडीने नेमकी तीच धरली.

आणि कोल्हापुरात पीकच बदलत चालले होते. करवीर संस्थानाच्या पूर्वेकडच्या काळ्या पट्ट्यात, शिरोळपासून रायबाग-काटकोळपर्यंत, कापूस होई. २७ सप्टेंबर १९०६ रोजी शाहू महाराजांनी कोल्हापुरात सूतगिरणीची पायाभरणी केली ती संस्थानचा कापूस संस्थानात कातावा म्हणून. त्याच्या दोन वर्षे आधी इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग चालवला होता. म्हणजे कापूस विणायची तयारी जय्यत होती. पण नदीकाठची जमीन उसाकडे वळली. गुळाला रोख भाव होता. पंचगंगेवर, भोगावतीवर फळ्या घालून पाणी अडवायचे आणि पावसाळ्यात फळ्या काढून पूर सोडून द्यायचा, ही कोल्हापुरी बंधाऱ्याची पद्धत सगळ्या महाराष्ट्राने उचलली. अडवलेले पाणी वर उचलायला पंप लागतो, आणि पंप चालवायला इंजिन. मोट मागे पडली. गिरणीला लागणारा कापूस बाहेरून येऊ लागला, आणि ज्या जिल्ह्यात माग रात्रंदिवस खडखडतात त्याच जिल्ह्यात कपाशीची बोंडे पाहायची तर मुद्दाम शोधावी लागतात, अशी स्थिती झाली. ती गिरणी, शाहू मिल, २००३ मध्ये बंद पडली.

१९३० च्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. नांगर घेणारा माणूसच उरेना. किर्लोस्करांनी लोखंडी फर्निचर केले, लेथ केले. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिन्स आणि बेंगळुरूला इलेक्ट्रिक. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत वाडीलाही आग लागली, आणि ती पुन्हा उभी राहिली. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने तिकीट काढले. इथून पुढची हकिगत उद्योगसमूहाची आहे, औतांची नव्हे, म्हणून मी तिच्यात जात नाही.

औतांची हकिगत कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात सरकली. म्हादबा मेस्त्रींसारखी माणसे कॉलेजात गेली नव्हती. दुरुस्तीला आलेले विलायती इंजिन उघडायचे, भाग मांडून ठेवायचे, तसाच भाग इथे ओतायचा. असे करत कोल्हापूरने स्वतःचे इंजिन केले. गुऱ्हाळाचा चरक आणि नदीवरचा पंप ही दोन गिऱ्हाइके ठरलेली. फौंड्रीच्या वाळूत हात घातलेला कारागीर शेतकऱ्याच्याच घरातला असे, आठवडाभर उद्यमनगरात आणि सुट्टीला रानात. माल कसा वागतो हे सांगायला त्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाची गरज नव्हती. आजच्या कोल्हापूरच्या फौंड्र्या मोटारींचे भाग ओततात. पण ते हात चरक आणि इंजिनावर बसलेले आहेत.

मग विरळणीच्या यंत्राचे पुढे काय झाले? ज्या देशात ते निघाले तिथेही ते पूर्णपणे जिंकले नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाची 'चॉपिंग' विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्यतः कुदळीनेच होत राहिली, आणि ती कुदळ मोठ्या प्रमाणात काळ्या कुळांच्या हातात होती. यंत्राला चांगले रोप आणि किडके रोप यांतला फरक कळत नाही. ते अंतर मोजते आणि छाटते. खुरपे घेऊन बसलेल्या बाईला फरक कळतो. शेवटी यंत्राचीही गरज संपली, कारण बी मोजून टाकता येऊ लागले आणि तणनाशके आली.

आपल्याकडे ही गरज वेगळ्या वाटेने संपली. पूर्वी कापसाचे बी शेण-मातीत चोळून, धागे दाबून, पाभरीने दाट पेरत. उगवण कमी-जास्त होईल म्हणून मुद्दाम जास्त टाकत. मग तीन-चार आठवड्यांनी विरळणी. १९७० मध्ये सुरतेला डॉ. चंद्रकांत पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस दिला, जगातला पहिला व्यापारी संकरित वाण. दोनच वर्षांनी धारवाडला डॉ. कटारकी यांची वरलक्ष्मी आली. संकरित बी महाग, ते दाट पेरायचे कुणाला परवडेल? दोऱ्या धरून, फुली मारून, एका ठिकाणी एक-दोन बिया टोकायच्या. आज बीटी कापसाचे एखादे पाकीट साधारण एकराला जाते. काढून टाकायला रोपच नसेल तर विरळणीचे यंत्र काय करणार? फुलीवर लावलेल्या कपाशीत मात्र डवरा, म्हणजे विदर्भातले कोळपे, दोन्ही बाजूंनी फिरतो, उभा आणि आडवा. यवतमाळ-अमरावतीकडचा डवरा अजून त्याच जोडीमागे, त्याच पासेवर चालतो.

सरकत्या फाळांचे कोळपे मात्र आले, तेही कारखान्यांच्या जाहिरातीतून नव्हे. जुन्या सायकलचे पुढचे चाक आणि हँडल घेऊन, मागे बदलता येतील अशी पाती लावून केलेले सायकल कोळपे आज महाराष्ट्रात कुठेही दिसते. एक माणूस ढकलतो. बैल लागत नाही, आणि बैल आता बहुतेकांकडे नाहीच. वेल्डिंगच्या दुकानात ते तासाभरात जोडून मिळते. पात्यांची रुंदी बोल्ट सैल करून बदलायची. ज्या बोल्टमुळे शंभर वर्षांपूर्वी परदेशी कोळपे अडले, तो बोल्ट आज प्रत्येक गावात हार्डवेअरवाल्याकडे किलोवर मिळतो. यंत्रात फार फरक पडला नाही. त्याच्या भोवतीचे गाव बदलले.

उसातही तेच. बाळभरणी आणि मोठी बांधणी बैलांच्या औताने होई, आता पॉवर टिलर आणि छोटे ट्रॅक्टर करतात. पण एक उलटापालट झाली आहे आणि तिच्याकडे कुणी फारसे पाहत नाही. पूर्वी सरी तीन फुटांची असे आणि औत त्या मापाने बनत असे. आता टिलर घालायचा तर सरी साडेचार फुटांची आणि ऊसतोडणी यंत्र आणायचे तर पाच फुटांची पाडा, असे शेतकऱ्याला सांगतात. एकरभर रानात, चार भावांच्या वाटण्या झालेल्या बांधात, पाच फुटांच्या किती सऱ्या बसतात आणि वळायला जागा किती उरते, हा हिशेब शिरोळ-हातकणंगल्याचा लहान शेतकरी सध्या करतो आहे. काहींनी शेजाऱ्याशी बोलून बांधावरून यंत्र वळवायला वाट काढली आहे, काहींनी तीन फुटांची सरी सोडलेली नाही आणि तोडणीला टोळीच बोलावतात.